उलट्या बकेटांचा पट्टा

थियाम मिस्त्रीने बायकोचं कौतुक केलं आणि तिथेच सगळी भानगड उघडी पडली. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी खेबोए गावाने भाताच्या गाड्या रांगेत उभ्या केल्या असत्या, बटण दाबलं असतं आणि पंचवीस मीटर उंच यंत्राने नुसती हवा वर नेऊन खाली आणली असती.

पण हे नीट सांगायचं तर ग्वेलीच्या डाव्या हातापासून सुरुवात करायला हवी.

ग्वेली आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. उंची बेताची, आवाज उंचीच्या दुप्पट. उजवा हात चारचौघींसारखा. डावा मात्र बारीक, चिवट, कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या ओरखड्यांनी भरलेला. लग्न झालं त्या वर्षी थियाम एका भातगिरणीत एलिव्हेटरचा पट्टा बसवत होता. एलिव्हेटर म्हणजे काय, तर रहाटगाडगं घ्यायचं, ताणून उंच करायचं, पत्र्याच्या दोन चौकोनी पायांत कोंबायचं आणि पाण्याऐवजी त्याच्याकडून भात चढवून घ्यायचं. एका पायातून बकेटा भरून वर जातात, माथ्यावरच्या चाकावरून वळताना भात पन्हळीत फेकतात आणि दुसऱ्या पायातून रिकाम्या खाली येतात. या बकेटा रबरी पट्ट्यावर एकेक करून बोल्टने आवळाव्या लागतात, आणि ते काम पायाला ठेवलेल्या हातभर खिडकीतून करायचं असतं. डावा हात पट्ट्याच्या मागे घालून बोल्ट पुढे ढकलायचा, उजव्या हाताने नट फिरवायचा. तर त्या दिवशी थियामचा जाडजूड हात पट्ट्यामागे गेला तो अडकलाच. साबणाचं पाणी ओतून अर्ध्या तासाने सुटला. नवी नवरी जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "सरा बाजूला, माझा जातो का बघते." तिचा गेला. त्यानंतर तेहेतीस वर्षं तो हात खिडकीतून बाहेर म्हणून आलाच नाही.

तेव्हापासून कामाची वाटणी पक्की झाली. खाली खिडकीपाशी ग्वेली, वर माथ्यापाशी थियाम. तैवानातल्या चुओश्वेई नदीच्या या काठावर भात वाळवायची जेवढी केंद्रं आहेत, त्या सगळ्यांचे पट्टे या दोघांनी चढवलेले. बकेटा सगळ्या हिने लावल्या, पण नाव झालं त्याचं, कारण तो उंचावर उभा असलेला लांबून दिसायचा आणि ही पत्र्यात डोकं घालून बसलेली. लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले आणि हिला काकू. ग्वेलीला याचं काही वाटत नसे, असं ती सांगते. मी तरी त्यावर विश्वास ठेवत नाही.

गेल्या थंडीत थियामच्या हृदयाला दोन जाळ्या बसवाव्या लागल्या. डॉक्टरने बजावून सांगितलं की शिडी बंद. थियामने मान डोलावली, घरी आला आणि आठव्या दिवशी छपरावर चढून पाण्याची टाकी घासत बसला. ग्वेलीने आरडाओरडा केला तेव्हा म्हणाला, "ही शिडी कुठेय, हा तर जिना आहे." मार्चमध्ये मात्र त्याने हद्द केली. कुणाला न सांगता शेजारच्या गावच्या एलिव्हेटरवर चढला आणि वरच्या फळीवर छाती धरून बसून राहिला. अग्निशमनवाल्यांना त्याला खाली आणायला दोन तास लागले. ते दोन तास ग्वेली शिडीच्या तळाशी उभी होती. तिने त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाही, आणि ग्वेली गप्प आहे हे बघून बघ्यांचीच पाचावर धारण बसली. तिला एवढंच कळत होतं की हा माणूस वरूनच गेला तर आपल्याला त्याचा हातसुद्धा धरता येणार नाही.

म्हणून मे महिन्यात, खेबोएच्या वाळवण केंद्रात नवं एलिव्हेटर उभं राहिलं तेव्हा, ग्वेलीने नवऱ्याला फाटकाजवळच्या भूमीदेवाच्या देवळात नेलं. देऊळ कमरेएवढं आहे, पण देव कडक. त्याच्यापुढे अर्ध्या चंद्रासारखे दोन लाल लाकडी तुकडे टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला की देवाचा होकार, आणि मोठ्या गोष्टीला असा होकार तीनदा मिळावा लागतो. ग्वेलीने विचारलं, "देवा, या माणसाने शिडी सोडावी ना?" दोन्ही तुकडे उताणे पडले. म्हणजे देव नुसताच हसला.

"बघ," थियाम म्हणाला, "त्यालाही तुझा प्रश्न पटला नाही. मी विचारतो." आणि हात जोडून त्याने वकिलासारखं कलम वाचलं. "देवा, या नव्या यंत्राचा पट्टा माझ्या बायकोने एकटीने बसवायचा. मी बोट लावणार नाही. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पट्टा खाली आणि वर दोन्हीकडे चाकाच्या मधोमध चालला, तर मी जन्मात शिडीला हात लावणार नाही. नाही चालला, तर हिने माझ्या शिडीचं नाव काढायचं नाही."

तीनदा तुकडे टाकले आणि तीनही वेळा होकार आला. ग्वेलीचा चेहरा पडला, कारण पहिल्या फटक्यात मधोमध चालणारा पट्टा तिने तेहेतीस वर्षांत दोनदाच पाहिला होता. चालू केला की तो डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकतोच, मग अर्धा दिवस खालच्या चाकाचे स्क्रू पिळत बसायचं. थियामला हे चांगलं ठाऊक होतं. बेरकी माणूस, देवाला साक्षीला ठेवून त्याने स्वतःची शिडी राखून घेतली होती.

जूनमध्ये भात पिवळं पडायला लागलं. केंद्राचा व्यवस्थापक छुवा साहेब, चाळिशीचा, सदा घामेजलेला माणूस. त्याने कापणीच्या यंत्रांना तारीख दिली. सोमवारी सकाळी सहाला पहिली गाडी येणार. ओलं भात एक रात्र ढिगात राहिलं की तापतं, दोन रात्रींत मोड येतात. त्यामुळे रविवारी संध्याकाळपर्यंत पट्टा फिरायलाच हवा होता. ग्वेलीने शनिवारी सकाळी काम धरलं.

मनोरा उभारणारी माणसं जाताना वरच्या चाकावरून दोर सोडून गेली होती. ग्वेलीने दोराच्या एका टोकाला पट्टा बांधला, दुसरं टोक विंचला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला, आणि बावन्न मीटरचा पट्टा एका पायातून वर चढवून दुसऱ्यातून खाली आणला. दोन्ही टोकं एकावर एक घेऊन जोडली. मग बकेटा. त्या एकामागून एक लावत गेलं तर एकीकडचं वजन वाढून पट्टा सुसाट पळतो आणि खिडकीतला हात घेऊन जातो. म्हणून आधी दर दहावी बकेट लावत पूर्ण फेरा करायचा, मग मधल्या जागा भरायच्या. एकूण दोनशे चौसष्ट बकेटा, प्रत्येकीला तीन बोल्ट.

थियाम अंगणात पंधरा पावलांवर लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. जवळ चहाची किटली, टरबुजाच्या भाजलेल्या बियांची पिशवी. त्याने बोट लावायचं नव्हतं म्हणून बी फोडण्यापुरते सोडले तर दोन्ही हात काखेत धरले होते. ग्वेलीला वाटलं, आता सुरू होईल. पाना असा धर, वॉशर विसरलीस, तुझ्या आईने तरी तुला काही शिकवलं का. पण थियाम गप्प. तिसरी बकेट लावून झाली तेव्हा त्याने मान जराशी तिरकी केली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि एक बी फोडली.

"छान चाललंय," तो म्हणाला.

ग्वेलीला वाटलं, उन्हाने आपल्याला भास झाला.

दुपारी तो म्हणाला, "काय सफाई आहे हाताला." संध्याकाळी छुवा साहेब आला तर त्याला म्हणाला, "साहेब, हिच्यासारखं काम मला जमलं नसतं." छुवा साहेबाने बापड्याने ते खरं मानलं आणि काकूंना थंडगार चहा पाठवून दिला. रात्री घरी थियामने भांडी घासली. ग्वेली अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत राहिली, की डॉक्टरांनी याला औषध तरी कुठलं दिलंय.

रविवारी दुपारी अडीचपर्यंत दोनशे एक्कावन्न बकेटा झाल्या. ग्वेलीच्या बोटांना सूज आली होती, पाठ आखडली होती, पण डोक्यात एकच हिशेब चालला होता. जोड काटकोनात आहे, दोन्ही बाजूंना ताण सारखा आहे, खालचं चाक पाणसळीत आहे. चालेल. मधोमध चालेल. हा माणूस जमिनीवर राहील. तिने बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ग्वेली, तुझ्या हाताला तोड नाही गं. अख्ख्या तैवानात नाही."

तिच्या हातातला पाना थांबला. थियामने तिचं कौतुक कधी केलं होतं, ते ती आठवू लागली. लग्नात केलं नव्हतं. मुलगा झाला तेव्हा एवढंच म्हणाला होता की नाक आईवर गेलंय, पण चालेल. तिच्या हातच्या वाफवलेल्या सुरमईवर तेहेतीस वर्षांत तो एकदाच बोलला होता, तेही मीठ जास्त झालं म्हणून. आणि हाच माणूस काल सकाळपासून तिच्यावर फुलं उधळतोय. इथे काहीतरी पाणी मुरतंय. मिस्त्रीला कामात खोट दिसली की तो ओरडतो. पण ती खोट त्याच्या फायद्याची असली, तर तो काय करील?

ती उठली, सावकाश चालत अंगण ओलांडून गेली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. थियामच्या हातातली बी तोंडापाशीच थांबली.

"काय झालं? दमलीस का?"

"तुम्हाला इथून काय दिसतं ते बघतेय."

तिथून सगळा मनोरा दिसत होता. खाली तिची खिडकी आणि तिचं हत्यारांचं फडकं. वर माथा. आणि माथ्यातून भात बाहेर फेकणारी पन्हळ. पन्हळ तिच्याच खिडकीच्या बाजूला होती.

ग्वेलीने एकदा पन्हळीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. पन्हळ असते खाली उतरणाऱ्या पायाच्या बाजूला. म्हणजे तिची खिडकी खाली येणाऱ्या पायाला होती. आजवरच्या सगळ्या यंत्रांत खिडकी वर जाणाऱ्या पायाला असायची. ती बसायची, बकेटेचं तोंड वर करायची आणि आवळायची. तेहेतीस वर्षांत हाताला त्याची इतकी सवय झाली होती की त्याने डोक्याला विचारलंच नाही. भात वाळवायचं नवं यंत्र पूर्वेला ठेवलं म्हणून इथे सगळंच डावं उजवं झालं होतं, आणि ती नाक पत्र्याला लावून बसलेली. खाली येणाऱ्या पायात बकेटा तोंड वर करून, म्हणजे वर जाणाऱ्या पायात सगळ्या पालथ्या. एका दाण्यालाही वर जायची सोय नाही. मग पट्टा मधोमध फिरला असता तरी 'हे कसलं चालणं' म्हणत थियामने शिडी राखलीच असती.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

थियामने बी खाल्ली नाही, टाकली नाही. "कशाबद्दल म्हणतेस?"

"कधीपासून?"

"तिसऱ्या बकेटेपासून."

रागावली की ग्वेली 'अहो'वरून 'अरे'वर येते. "अरे म्हाताऱ्या माकडा, दोनशे अठ्ठेचाळीस बकेटा तू बिया फोडत बघत बसलास? माझी बोटं बघ. उद्या सकाळी गावाचं भात दारात येणार, आणि तू म्हणतोस सफाई आहे हाताला?"

"देवासमोर ठरलं होतं, मी बोट लावायचं नाही."

"तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं का?"

थियामने हातातली बी पिशवीत टाकली. मग खाली बघत म्हणाला, "खाली मला सगळे बसा म्हणतात. मिस्त्री सावकाश, मिस्त्री पाणी घ्या, मिस्त्री सावलीत या. वर गेलं की मला कुणी काही म्हणत नाही. एवढी एकच जागा उरलीय मला, आणि ती तू काढून घेतेयस. मग मी काय करू?"

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की ग्वेलीचा अर्धा राग जागच्या जागी बसला. पण उरलेला अर्धाही काही कमी नव्हता. "आणि मी मार्चमध्ये खाली उभी होते ते?" ती म्हणाली. "ती माझी जागा होती. दोन तास. ती तुला देऊ का?"

थियामने बियांची पिशवी मिटली.

तेवढ्यात छुवा साहेब आला. त्याला सांगावं लागलं. त्याने डोक्याला हात लावला आणि तो खुर्चीत बसायला गेला, पण खुर्चीत मिस्त्री होता, म्हणून जमिनीवरच बसला. "काकू, बटण अजून दाबलेलं नाही ना? सगळ्या काढून उलट्या लावायच्या तर किती वेळ लागेल?"

"दीड दिवस."

"मोटर उलटी फिरवली तर?"

"मग पन्हळीकडे पाठ करून भात फेकेल. तुमच्या केबिनवर पडेल."

साहेब पुन्हा घाम पुसू लागला. थियाम मात्र मनोऱ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत शिडी दिसत होती. ग्वेलीने ते पाहिलं. तिने फडक्याने हात पुसले आणि पट्ट्याकडे बघत उभी राहिली. बकेटा नीट बसल्यात. बोल्ट आवळलेत. चूक फक्त दिशेची आहे. मग दोनशे एक्कावन्न बकेटा कशाला फिरवायच्या? पट्टा एकच आहे, तोच अख्खा फिरवावा. जोड सोडायचा, बकेटांसकट बाहेर काढायचा, अंगणात वळवायचा आणि जे टोक आधी बाहेर आलं तेच आधी आत घालायचं. म्हणजे सगळ्या बकेटा आपोआप सुलट्या होतील.

तिने ते बोलून दाखवलं तेव्हा थियाम हसला. "बावन्न मीटर. तीनशे किलो. कुठे एक पीळ पडला तर पट्टा आतला बाहेर होईल. कोण वळवणार, तू आणि छुवा साहेब?"

"बुनलियांग," ग्वेली म्हणाली.

बुनलियांग गावचा डुकराच्या मांसाचा दुकानदार, पण ती त्याची दुय्यम ओळख. खरा तो देवीच्या मोठ्या देवळाच्या ड्रॅगन पथकाचा म्होरक्या. सव्वीस माणसं, चाळीस मीटरचा कापडी ड्रॅगन, आणि देवीच्या मिरवणुकीत अरुंद गल्लीत तो वळवताना कुणाच्या दुकानाची पाटीसुद्धा हलत नाही. फोन केल्यावर पाऊण तासात सगळे आले. कुणी हातमोजे घालून, कुणी चपला घालून, दोघी बायका बाजारातून थेट भाजीच्या पिशव्यांसकट. बुनलियांगने पट्ट्याचं टोक बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"काकू, यात डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं?"

"दोन्ही सारखीच आहेत रे."

"असं चालणार नाही. शेपटीकडून देवळात शिरलेला ड्रॅगन मी आयुष्यात पाहिला नाही. माझी माणसं पाऊल उचलणार नाहीत."

"जे आधी बाहेर येईल ते डोकं," ग्वेली म्हणाली. "तेच आधी आत जाईल."

हे सगळ्यांना पटलं. कुणीतरी त्या टोकाला लाल फडकं बांधलं, आणि मग खरंच ते डोक्यासारखं दिसू लागलं. खालचं मोठं झाकण काढलं, जोड सुटला, मागच्या टोकाला दोर बांधला, म्हणजे पट्टा बाहेर येईल तसा दोर आत त्याची जागा घेईल. विंच कुरकुरू लागला आणि एकेक बकेट तोंड वासून बाहेर येऊ लागली. दोन दोन पावलांवर माणसं पट्टा खांद्यावर घेत गेली. अंगणभर सव्वीस जणांचा काळा, दातेरी, जड ड्रॅगन पसरला. वाकून वजन पेलताना बुनलियांगच्या मेव्हण्याची पँट उसवली, पण त्याने हात सोडला नाही, हे त्याचं मोठेपण.

"आता वळा," ग्वेली ओरडली, "डोकं उजवीकडून."

अर्धं वळण झालं आणि गडबड झाली. मधल्या माणसांना वाटलं आतून जायचं, मागच्यांना वाटलं बाहेरून. पोटाकडे पट्टा कुशीवर वळायला लागला. आणखी दोन पावलं टाकली असती तर पीळ पडून बकेटा आतल्या अंगाला गेल्या असत्या, आणि ते पुढे वर जाऊनच कळलं असतं. ग्वेली डोक्याकडे होती, तिला पोट दिसत नव्हतं.

"थांबा."

आवाज खुर्चीतून आला होता. थियाम उभा होता, हात अजून काखेत. "सात नंबर, खांदा बदल. भाजीवाल्या वहिनी, बकेटा आभाळाकडे, जमिनीकडे नाही. आठ, नऊ, जागीच उभे राहा. शेपूट, तुम्ही दोन पावलं मागे. हां. आता सगळे एकदम." आणि तो पुढे सरकत, मान वाकडी करत, एकेकाचं नाव घेत, हात काखेतून न काढता नुसत्या तोंडाने अख्खा पट्टा वळवत गेला. पट्टा वळला, सरळ झाला, एकही बकेट टेकली नाही. बुनलियांग म्हणाला की मिस्त्री, पुढच्या मिरवणुकीला तुम्ही या. थियाम पुन्हा खुर्चीत बसला.

ग्वेली त्याच्याजवळ गेली. "गप्प बसला असतात तर जिंकला असतात."

"पट्टा पिळलेला बघवत नाही मला," तो कुरकुरला. "त्यापेक्षा हरलेलं बरं." आणि त्याने तोंड फिरवून बियांची पिशवी उघडली.

साडेपाचपर्यंत पट्टा पुन्हा आत चढला. ग्वेलीने जोड आवळला, राहिलेल्या तेरा बकेटा या वेळी तोंड खाली करून लावल्या, खालच्या चाकाचे दोन्ही स्क्रू मोजून सारखेच फेरे पिळले. पथकातलं कुणीही घरी गेलं नव्हतं. सव्वीस माणसं अंगणात उकिडवी बसून चहा पीत होती. बटणाच्या पेटीपाशी ग्वेली उभी राहिली तेव्हा सगळे उठले. तिने देवळाकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

पट्टा दचकला, सरसरला, फिरू लागला. खालच्या खिडकीत तिने डोकं घातलं. दोन्ही बाजूंना अंतर सारखं, तीन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. पट्टा हलला नाही.

"खाली मधोमध आहे," ती म्हणाली. "आता वर."

सगळ्यांनी सवयीने थियामकडे पाहिलं. वर बघायला नेहमी तोच जायचा. तो उठला, चढताना बांधायचा सुरक्षेचा पट्टा खांद्यावर टाकत शिडीपर्यंत चालत गेला, पहिल्या पायरीपाशी थांबला. ग्वेलीने एक पाऊल पुढे टाकलं. थियामने खांद्यावरचा सुरक्षेचा पट्टा काढला, मागे वळला आणि तो तिच्या कमरेला बांधू लागला. तिच्या मापाला भोकं पुरेनात, तेव्हा त्याने वरून दोरीचा एक वेढा दिला.

"पाय आडवा टाक. खाली बघू नकोस. वर पोचलीस की आधी आकडा अडकव, मगच हात सोड."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे, तू कधी चढलीयस?"

खरंच ती कधी चढली नव्हती. तेहेतीस वर्षांत एकदाही नाही. ती चढू लागली. दहा मीटरवर तिने दांडा घट्ट धरून दम घेतला, वीसवर तिने भूमीदेवाचं नाव घेतलं, आणि पंचविसाव्या मीटरला फळीवर पोटावर सरपटत गेली. आकडा अडकवला. माथ्याचं छोटं झाकण उघडलं. बकेटा तोंड वर करून येत होत्या, चाकावरून वळत होत्या. चाकाच्या दोन्ही काठांना तीन तीन बोटं रिकामी. मधोमध. तिने पाच मिनिटं मोजली. केसभर हलला नाही.

मग ती मागे वळून बसली, आणि तिला ते सगळं दिसलं. पिवळं झालेलं भात नदीपर्यंत पसरलेलं, त्यावर वाऱ्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी. नदीचं राखाडी पाणी, त्यापलीकडे समुद्राची चकाकती रेघ. तिच्या स्वतःच्या घराचं छप्पर, त्यावर वाळत घातलेली तिची फुलाफुलांची चादर. खाली एवढा उकाडा आणि इथे गार वारा कानात शिरत होता. दरवेळी खाली उतरून हा माणूस म्हणायचा, वर काय आहे, नुसती धूळ आणि चटके. तेहेतीस वर्षं हा तिला असं सांगत आला होता, आणि तेहेतीस वर्षं ती त्याला बिचारा म्हणत घाम पुसायला टॉवेल देत आली होती.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. हे सगळं आपण त्याच्याकडून काढून घेतोय. एक शब्द पुरे होता. डावीकडे सरकलाय, एवढं म्हटलं असतं तर त्याला त्याची जागा परत मिळाली असती. वरचं कुणी बघायला येणार नव्हतं. खाली अंगणात सव्वीस चेहरे वर वळलेले होते, आणि त्यांच्यापासून बाजूला, शिडीच्या तळाशी, मार्चमध्ये ती उभी होती त्याच जागी, तो उभा होता. शिडीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून. इतक्या उंचावरूनही तिला कळलं की तो पट्ट्याची वाट बघत नाहीये. ती नीट खाली येते की नाही, ते बघतोय.

"काय आहे गं?" त्याने ओरडून विचारलं.

"मधोमध आहे," ग्वेली ओरडली. "दोन्हीकडे तीन बोटं."

अंगणात टाळ्या वाजल्या. थियामने दांडा सोडला नाही.

"आणि बाकी? बाकी काय दिसतंय?"

ग्वेलीने एकदा समुद्राकडे पाहिलं. "बाकी काही नाही," ती म्हणाली. "नुसती धूळ."

 खालून थियामचा आवाज आला. "हो ना? मी काय सांगत होतो. मग ये आता खाली."

"येते हो," ग्वेली म्हणाली आणि पाय पसरून नीट बसली. "जरा धूळ बघते आणि येते."